सशासाठी पाला वाळवताना: कोणता, किती आणि कसा

आमच्याकडे दोन ससे आहेत, चिंगी आणि काळू. दोघांचंही वजन दोन किलोच्या आसपास. तीन वर्षांपूर्वी चिंगीच्या लघवीत खडू कालवल्यासारखा पांढरा गाळ यायला लागला. ती कोपऱ्यात पाठ वर काढून बसायची, कळ येऊन थांबायची आणि चार थेंब टाकून उठायची. एक्स-रेमध्ये मूत्राशय कॅल्शियमच्या गाळाने गच्च पांढरं दिसलं. डॉक्टरांनी विचारलं, "खायला काय देता?" मी सांगितलं, वाळलेली लसूणघास (अल्फाल्फा), सशाच्या तयार खाद्याच्या गोळ्याही लसूणघासेच्याच आणि रोज मूठभर वाळवलेला शेवग्याचा पाला. शेवगा माणसाला एवढा पौष्टिक, तेव्हा सशालाही चांगलाच असणार, असं मी धरून चालले होते.

नंतर घरी बसून हिशेब केला. वाळलेल्या शेवग्याच्या पाल्यात १०० ग्रॅममागे साधारण २,००० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. माझी मूठ भरायची २० ग्रॅमची, म्हणजे ४०० मिलिग्रॅम. त्यात ७० ग्रॅम लसूणघासेचे ९०० धरा. तेवढंच टिमथी (सशांना घालायचं एक परदेशी गवत) खाणाऱ्या सशाच्या पोटात तीनशेच्या थोडं वर कॅल्शियम जातं. चिंगीला मी त्याच्या चौपट घालत होते, तेही प्रेमाने. ती बरी झाली, पण त्यासाठी दोन महिने लागले. वाळलेल्या पाल्याचं काय करायचं आणि काय नाही, हे मी त्या दोन महिन्यांत शिकले. नुकताच ससा आणला असेल तर तुम्हाला ते अशा वाटेने शिकायला लागू नये, म्हणून हे सगळं लिहिते आहे.

सुरू करण्याआधी: सशाचं पोट

ससा गवतावर जगणारा प्राणी आहे. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात. पुढचे तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर वाढतात आणि ते झिजतात चरबरीत गवत तासन् तास चावल्याने. त्याच्या पोटात मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला अंधनाल नावाची एक मोठी पिशवी असते. तिथले जंतू चोथा आंबवतात, त्यातून मऊ, चकचकीत लेंड्यांचा घोस तयार होतो आणि ससा तो थेट तोंडाने उचलून खातो. पहिल्यांदा दिसलं की किळस येते, पण ते त्याचं जेवणच आहे, अडवू नका.

कॅल्शियमच्या बाबतीत ससा आपल्यापेक्षा वेगळा आहे. आपलं आतडं गरजेपुरतंच कॅल्शियम घेतं. सशाचं आतडं समोर येईल त्यातलं बरंचसं शोषून घेतं आणि जास्तीचं लघवीवाटे बाहेर टाकतं. म्हणून निरोगी सशाची लघवीही थोडी गढूळ असते. मात्र कॅल्शियम फार झालं आणि पाणी कमी पडलं, की त्याचा गाळ बसतो.

आणखी एक लक्षात ठेवा: सशाला उलटी करता येत नाही. जे आत गेलं, ते पुढेच जाणार.

मग वाळलेल्या पाल्याचा फायदा काय?

मी याकडे आपल्या ताटासारखं बघते. गवत ही भाकरी. वाळलेला पाला म्हणजे ताटाच्या डाव्या बाजूची चटणी. चटणीने जेवणाला चव येते, पण चटणीवर कोणी पोट भरत नाही.

पहिला फायदा म्हणजे गवत जास्त खाल्लं जातं. रुसून बसलेल्या सशाच्या गवतावर चिमूटभर कोथिंबीर कुस्करली की तो पाला शोधता शोधता गवतही चावायला लागतो. माझ्या मते हा सगळ्यांत मोठा फायदा आहे, कारण दात आणि आतडं, दोन्हींचं औषध गवतच आहे.

दुसरा फायदा मनाचा. रानातला ससा दिवसाचे कित्येक तास हुंगत, निवडत, कुरतडत काढतो. फ्लॅटमधल्या सशाला वाटीत सगळं आयतं मिळतं, मग तो सळया चावतो नाहीतर सोफा. गवतात पाला लपवून ठेवला की त्याला काम मिळतं.

तिसरा, गोड खाऊ सुटतो. केळं, गाजर, बिस्किट यांनी ससे सुटतात आणि पोटातल्या जंतूंचा तोल जातो. (बिस्किट तर कधीच नको.) हातातून वाळलेलं तुतीचं पान दिलं तर तेवढ्याच आवडीने खातात. आणि पावसाळ्यात, बाजारातल्या पालेभाज्या चिखलाने माखलेल्या आणि सडक्या येतात तेव्हा, उन्हाळ्यात भरून ठेवलेली बरणी फार कामाला येते.

पुदिन्याने गॅस जातो, कॅमोमाइलने ससा शांत झोपतो, अमुक पानाने यकृत साफ होतं असं पाकिटांवर छापलेलं असतं. हे सगळं माणसाच्या आजीबाईच्या बटव्यातून सशावर चिकटवलेलं आहे. पुदिना द्या, पण खाऊ म्हणून. आजारी सशाचं औषध म्हणून त्यावर विसंबू नका.

काय काय लागेल

- स्वच्छ सुती कापड: जुनी साडी किंवा धोतर. वर्तमानपत्र नको, ओल्या पानांना शाई लागते.
- मोठी चाळण किंवा सूप
- सुतळी, जुड्या टांगायला
- घट्ट झाकणाच्या काचेच्या बरण्या
- स्वयंपाकघरातला ग्रॅममध्ये मोजणारा वजनकाटा
- बरणीवर चिकटवायला कागद आणि पेन
- एक वही. रोजचं वजन, खाणं, लेंड्या टिपायला. कंटाळवाणं वाटतं, पण डॉक्टरकडे गेल्यावर या वहीएवढं उपयोगी काहीच नसतं.

१. आधी गवताची सोय करा

सशाच्या पोटात जाणाऱ्या अन्नापैकी ८० ते ८५ टक्के गवत हवं. टिमथी परदेशातून येतं, महाग पडतं. ओटचं वाळलेलं गवतही चालतं. ज्यांच्याकडे गावाहून येतं ते मारवेल, हरळी अशी वाळलेली गवतं देतात आणि ससे ती आवडीने खातात. लसूणघास मात्र सहा महिन्यांपर्यंतच्या पिलांना आणि पिलं पाजणाऱ्या मादीला. मोठ्या सशाला रोज नको. नुसता कडबा किंवा गव्हाचा भुसा यांनीही काम भागत नाही, त्यात चोथा आहे पण सत्त्व फार थोडं.

गवत चोवीस तास समोर नसेल, तर पाल्याचा विचार अजून करू नका. पुढचं सगळं त्यानंतर.

२. पाला निवडा

आपल्याकडे सहज मिळणारा आणि मी स्वतः देते तो असा:

कोथिंबीर, देठांसकट. नव्या माणसाने इथूनच सुरुवात करावी. पुदिना वास तीव्र असल्याने थोडाच. शेपू. तुळस, म्हणजे घरची तुळस किंवा सब्जा, अधूनमधून चार-पाच पानं. मेथी थोडी. गवती चहा, बारीक कापून. हरळी किंवा दूर्वा वाळवलेली हवी तेवढी, कारण ती मुळात गवतच आहे.

जास्वंदीची फुलं आणि पानं दोन्ही चालतात. वाळलेलं जास्वंदीचं फूल दिसलं की काळू घरभर मागे फिरतो. देशी गुलाबाच्या पाकळ्याही चालतात, पण गुलाब स्वतःच्या कुंडीतला असेल तरच. त्याचं कारण पुढे सांगते.

तुतीची पानं हा माझा सगळ्यांत आवडता पाला आहे. प्रथिनं भरपूर, चव गोडसर आणि वाळल्यावरही पान अखंड राहतं, चुरा होत नाही. पण त्यातही कॅल्शियम चांगलंच असतं, त्यामुळे मोठ्या सशाला दिवसाला दोन-तीन पानं पुरेत. शेवगा चिंगीला पूर्ण बंद आहे. काळूला आठवड्यातून एकदा चिमूटभर देते. तुमचा ससा तरुण असेल, लघवी साफ असेल, तर शेवगा विष नाही, पण रोजचा पाला म्हणून तो ठरवू नका.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. कोथिंबीर, पुदिना, तुळस हे सगळेच वाळले की १०० ग्रॅममागे हजार मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम भरतं. ओल्या कोथिंबिरीत शंभरातले ८५ ते ९० भाग पाणी असतं. ते उडालं की उरलेलं सगळं दाट होतं. म्हणजे मूठभर वाळलेला पाला म्हणजे जुडीभर ओला पाला. दोष शेवग्याचा एकट्याचा नव्हता, माझ्या मुठीचाही होता.

३. हे अजिबात नको

कण्हेर, रुई, धोतरा, एरंड, घाणेरी, सदाफुली. घरातली शोभेची झाडं: मनीप्लांट, डिफेनबॅकिया, क्रोटन, लिलीच्या जाती. बटाटा आणि टोमॅटोचा पाला. कांदा, लसूण आणि त्यांची पात. ॲव्होकॅडोची पानं आणि फळ. वाळवल्याने यांचं विष जात नाही, उलट पान ओळखू येईनासं होतं. म्हणून अनोळखी मिश्र पाला घेऊच नका.

दोन नावं खास आपल्याकडची. सुबाभूळ शेळ्यांना घालतात, म्हणून पुष्कळजण सशालाही घालतात. त्यात मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं. शेळीच्या पोटातले जंतू ते पचवू शकतात, सशाच्या पोटात ती सोय नाही, त्याचे केस गळायला लागतात. आणि कोवळी ज्वारी: ती खाऊन जनावरांना विषबाधा होते हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही, पण शहरातल्या माणसाला माहीत नसतं. गावाहून हिरवी ज्वारीची धाटं आली तर ती सशाला नकोत.

झेंडूबद्दलही गोंधळ होतो. विकतच्या पाकिटात 'मेरीगोल्ड' लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा कॅलेंडुला असतं. दसऱ्याचा झेंडू ही वेगळी वनस्पती. दोन्ही एकच समजून तोरणातली फुलं वाळवू नका.

४. पाला आणायचा कुठून

कुंडीतला सर्वांत चांगला. कोथिंबीर, पुदिना, तुळस, गवती चहा, जास्वंद ही पाचही झाडं गॅलरीत येतात. धणे हाताने दोन भाग करून पेरले की सव्वा-दीड महिन्यात कोथिंबीर कापायला येते.

मंडईतून आणत असाल तर फवारणी धरूनच चाला आणि धुण्यात कसर करू नका. फुलबाजारातली फुलं मात्र धुऊनही घेऊ नका. ती कोणी खाणार नाही असं धरूनच त्यांच्यावर फवारणी झालेली असते. निर्माल्याचंही तसंच: गुलाल, अत्तर, हारातली तार. गणपतीच्या दूर्वा उरल्या तर हळद-कुंकू न लागलेल्या जुड्या तेवढ्या बाजूला काढा.

रस्त्याकडेची हरळी नको. तिथे धूर असतो, भटक्या कुत्र्यांची लघवी असते आणि तणनाशक कधी मारलं ते कोणी लिहून ठेवत नाही.

तुतीसाठी ओळखीत कोणी रेशीमशेती करत असेल तर जरूर विचारा. फवारलेला पाला खाऊन रेशीमअळी मरते, म्हणून हे शेतकरी तुतीवर औषध मारताना फार जपतात. तरी शेजारच्या शेतात काय मारलं आणि शेवटची फवारणी कधी झाली, हे विचारून घ्या.

५. धुणं आणि वाळवणं

निवडताना पिवळी, काळे डाग पडलेली, चिकट पानं काढून टाका. मग पातेलंभर पाण्यात पाला दहा मिनिटं बुडवून ठेवा, पाणी बदला, पुन्हा बुडवा. तळाला माती दिसेनाशी होईपर्यंत करा. मला कोथिंबिरीला तीन-चार पाणी लागतात. मीठ, सोडा, व्हिनेगर काही नको.

नंतर पाणी निथळू द्या आणि कापडावर टिपून घ्या. ओला पाला थेट पसरला की आतून काळा पडतो, बहुतेकांचा पहिला घाणा इथेच वाया जातो.

वाळवायचा तो सावलीत, वारा खेळेल अशा जागी. आपण पापड-कुरडया कडक उन्हात घालतो, तीच सवय पाल्याला लावू नका. उन्हात पान फिकं पडतं, वास उडतो आणि जीवनसत्त्व अ ज्यापासून बनतं ते द्रव्यही जातं. एकाच थरात पसरा, वरून मलमलीचं कापड टाका आणि सकाळ-संध्याकाळ हलवा. तुती आणि गवती चहाच्या जुड्या बांधून उलट्या टांगल्या तरी चालतात, फक्त जुडी बोटाएवढीच जाड बांधा.

पुण्यात मार्च-एप्रिलमध्ये कोथिंबीर तीन दिवसांत वाळते. जास्वंदीच्या फुलाला पाच दिवस लागतात, कारण देठाकडचा भाग चिवट असतो. कोकणात किंवा मुंबईत हवेत ओल जास्त, तिथे पंख्याखाली ठेवा किंवा फूड डिहायड्रेटर असेल तर ४० अंशांच्या आसपास लावा. जून ते सप्टेंबर मी वाळवतच नाही.

झालं की नाही हे कसं ओळखायचं? पान चुरगळलं की कुरकुरत तुटलं पाहिजे आणि देठ वाकवला की मोडला पाहिजे. वाकून राहिला, तर अजून एक दिवस.

६. बरणीत भरणं

इथे घाई करू नका. वाळलेला पाला बरणीत भरा, झाकण लावा आणि एक रात्र ठेवा. सकाळी काचेला आतून बाष्प दिसलं, तर पाला ओला आहे, परत पसरा. काच कोरडी राहिली तरच कपाटात ठेवा. बरणीवर पाल्याचं नाव आणि तारीख लिहा. अंधाऱ्या, कोरड्या जागी सहा महिने वास टिकतो.

बुरशी हा वाळलेल्या पाल्याचा सर्वांत मोठा धोका आहे. पांढरी जाळी, करडी पूड, कुबट वास, यातलं एकही दिसलं तर अख्खी बरणी फेका. वरवरचं काढून खालचं देऊ नका, कारण बुरशीचं विष डोळ्यांना दिसत नाही. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्याही बरणीत टाकू नका. एखादी पुडी फुटून पाल्यात मिसळली तर निवडत बसावं लागतं.

७. पहिल्यांदा देताना

एका वेळी एकच पाला. पहिल्या दिवशी एक पान, दुसऱ्या दिवशी दोन. तीन-चार दिवस लेंड्या पाहा: गोल, कोरड्या, एकसारख्या आकाराच्या असतील तर हा पाला मानवला. लहान, वेड्यावाकड्या किंवा पातळ झाल्या तर तो बंद, आणि आठवडाभर नुसतं गवत आणि रोजच्या गोळ्या. पाच पाले एकदम सुरू केले तर बिघडल्यावर कोणता नडला हे कळणार नाही.

तीन महिन्यांखालच्या पिलाला असले प्रयोग नकोत. गाभण मादीलाही नवीन काही सुरू करू नका. लघवीत कधीही गाळ येऊन गेला असेल, तर पाल्याचं नाव डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

८. किती आणि कसा

मी दोन किलोच्या सशाला दिवसाला एकूण तीन ते चार ग्रॅम वाळलेला पाला देते. काट्यावर मोजून पाहा. कुस्करलेली कोथिंबीर तेवढ्यात दोन मोठे चमचे भरते, तुतीची पानं मात्र दोन-तीनच बसतात. सुरुवातीचे पंधरा दिवस मोजाच, अंदाज फसवतो. वाळलेला पाला दिला त्या दिवशी ओली भाजी बंद करायची गरज नाही, पण गोळ्या थोड्या कमी करा.

देताना वाटीत ओतू नका. गवताच्या ढिगात खोल पेरा, टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीत गवतासोबत कोंबा किंवा जुन्या टोपलीत लपवा. वाटीतला पाला दोन मिनिटांत संपतो, ढिगातला अर्धा तास पुरतो.

आणि पाणी. ओल्या पाल्यातून मिळणारं पाणी वाळलेल्यातून मिळत नाही. पाला सुरू केल्यावर पाण्याचं जड, रुंद भांडं ठेवा. बाटलीच्या नळीपेक्षा ससा भांड्यातून जास्त पाणी पितो. एप्रिल-मेच्या उकाड्यात सशाला तसाही त्रास होतो, तेव्हा मी वाळलेला पाला निम्मा करते आणि पाणी निथळत्या ओल्या कोथिंबिरीवर भर देते.

९. विकतचं पाकीट घेताना

पाकिटावर प्रत्येक पानाचं नाव लिहिलेलं हवं. 'औषधी वनस्पतींचं मिश्रण' एवढंच असेल तर नको. पहिली दोन नावं लसूणघास किंवा पार्सली असतील तर कॅल्शियमचा विचार करा. फळांचे तुकडे, मध, गूळ, धान्य घातलेलं नको. आणि किराणा दुकानातली स्वयंपाकाची पाकिटं, म्हणजे कसुरी मेथी, ओरेगॅनो, पिझ्झावरचे मसाले, सशासाठी वापरू नका: त्यात धूळ असते, कधी मीठ, कधी कांदा-लसणाची पूड.

१०. इथे पाला बाजूला ठेवा

ससा दहा-बारा तास काही खात नसेल, लेंड्या थांबल्या असतील, दात करकर वाजवत पोट आखडून बसला असेल, तर ती तातडीची वेळ आहे. आतडं थांबलेलं असू शकतं. ओव्याचं पाणी, पुदिना, शेपू यात वेळ घालवू नका. त्याच रात्री निघा.

घरातल्या औषधांच्या डब्यालाही हात लावू नका. ॲमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिन वर्गातली औषधं तोंडावाटे दिली तर सशाच्या अंधनालेतले चांगले जंतू मरतात आणि ससा दगावू शकतो. प्रत्येक पशुवैद्य सशांवर उपचार करत नाही, म्हणून सशांचा अनुभव असलेला डॉक्टर आणि रात्री उघडं असणारं एक रुग्णालय आजच शोधून ठेवा. जाताना वही न्या, आणि त्या आठवड्यात दिलेल्या प्रत्येक पाल्याचं एकेक पान कागदात गुंडाळून सोबत घ्या. चिंगीच्या वेळी मी शेवग्याचं पान पर्समधून काढून दाखवलं, तेव्हा डॉक्टरांचा पुढचा प्रश्न होता, "रोज किती?" आणि माझ्याकडे ग्रॅममध्ये सांगायला आकडा नव्हता. वजनकाटा मी त्या दिवशी परतताना आणला.